अंगणवाडीच्या ताटातला हक्क मोजून घ्या!

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक भूमिका मांडली होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी ती भूमिका होती. आई आणि मूल यांची जबाबदारी घराच्या चार भिंतींत संपत नाही, हा विचार या देशात इतक्या आधी मांडला गेला. तरीही गरिबाच्या मुलाच्या ताटाकडे आजही दान म्हणूनच पाहिले जाते. अंगणवाडीतल्या खिचडीला 'सरकारी खाऊ' म्हणण्याची सवय आपल्याही वस्त्यांत रुजली आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच. तो खाऊ नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. हक्क मोजून घ्यायचा असतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिला पन्नास वर्षे होऊन गेली. या काळात महाराष्ट्राने किती प्रगती केली याचे गोडवे आपण रोज ऐकतो. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयातील ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय होता. ही मुले कुणाची? मलबार हिलची की मेळघाटची? कोरेगाव पार्कची की मानखुर्द-गोवंडीच्या झोपडपट्टीची? उत्तर सांगायला पाहणीची गरज नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ५ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीमार्फत वयानुरूप मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. कलम ४ मध्ये गरोदर व स्तनदा मातेचा आणि कलम ६ मध्ये कुपोषित मुलाचा हक्क लिहिला आहे. कायदा झाला तेव्हा त्याच्या अनुसूची २ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी सकाळची न्याहारी व गरम ताजा आहार मिळून ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने ठरवण्यात आली. जानेवारी २०२३ मध्ये ही अनुसूची सुधारण्यात आली. नुसत्या कॅलरींवर न थांबता प्रथिनांची गुणवत्ता, लोह, कॅल्शियम, झिंक आणि जीवनसत्त्वे यांचाही विचार तीत आला. म्हणजे कायदा पोट भरण्याच्या पुढे जाऊन मूल वाढवण्याची भाषा बोलतो. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि अंमलबजावणी ताटातच तपासता येते.

त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. एका मुलामागे दिवसाला ५० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल यांची खिचडी, ३० ग्रॅम कडधान्याची उसळ, १० ग्रॅम शेंगदाणे आणि १५ ग्रॅम गूळ एवढे दिले, तर ५०० कॅलरी आणि १६-१७ ग्रॅम प्रथिने सहज होतात. आता याच ताटात डाळ २० वरून ५ ग्रॅमवर आणा, मटकी ३० वरून १० ग्रॅमवर आणा आणि ती जागा आणखी ३० ग्रॅम तांदळाने भरा. ताट तेवढेच भरलेले दिसते, कॅलरीही जवळपास तेवढ्याच राहतात. मात्र प्रथिने १२ ग्रॅमच्या खाली घसरतात. पोट फुगते, मूल वाढत नाही. पातळ पिवळ्या खिचडीचे हे गणित आहे. चोरी तांदळात होत नाही, ती डाळीत आणि मटकीत होते. म्हणून आई-आजींनी 'पोटभर मिळाले का?' एवढे विचारून थांबू नये. 'डाळ किती पडली, उसळ किती होती?' हे विचारावे.

दोष फक्त शिजवणाऱ्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये केंद्राने सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये आणि गरोदर-स्तनदा मातेमागे ९ रुपये ५० पैसे असा दर ठरवला. त्यानंतर डाळ, तेल, गॅस यांचे भाव कुठल्या कुठे गेले. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात हे दर वाढवण्याची घोषणा सरकारला करावी लागली, यातच सारे आले. आठ रुपयांत न्याहारी आणि जेवण! एक अंडे घ्यायचे म्हटले तरी त्यातले बहुतेक पैसे संपतात. बचतगटातल्या बाईने बिल थकलेले असताना उधारीवर किराणा आणायचा आणि वर प्रथिनेही पुरवायची, हा कुठला न्याय?

अंड्याचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. त्यात भेसळ होत नाही, पाणी घालता येत नाही, ते मोजता येते. भ्रष्टाचाराला सर्वांत कमी वाव असलेला हा पदार्थ आहे. आदिवासी क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून तो मुलांना देण्यात आला. मात्र शाळेच्या पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. बहुसंख्य बहुजनांच्या घरात जे खाल्ले जाते ते सरकारी ताटात का नको? मूठभरांच्या सोवळ्याचा खर्च आमच्या लेकरांच्या हाडामासातून का वसूल करायचा? ज्याला नको त्याला केळे द्या, आमची हरकत नाही.

आता मूळ मुद्दा: अंगणवाडी भरते कुठे? इमारत असलेली अंगणवाडी भाग्यवान. शहरातल्या झोपडपट्टीत ती दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत भरते, खेड्यात कुणाच्या ओसरीवर, तर कित्येक ठिकाणी सेविकेच्या स्वतःच्या घरात. तिच्याच चुलीवर आहार शिजतो, तिच्याच माठातले पाणी मुले पितात. कलम ५ च्याच दुसऱ्या पोटकलमाने प्रत्येक अंगणवाडीत स्वयंपाक, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची सोय बंधनकारक केली आहे. 'घरात भरते, काय करणार?' हे उत्तर कायद्याला मान्य नाही. अंगणवाडी घरात भरली तरी ती सरकारची अंगणवाडी असते आणि ताटाची जबाबदारी सरकारचीच राहते.

अंगणवाडी घरात भरते म्हटल्यावर, कुणाच्या घरात, हा प्रश्न येतो. आणि येथेच जात दारात उभी राहते. खोली वरच्या आळीत असली की आमच्या मुलांना उंबऱ्याबाहेर बसवले जाते किंवा ती जातच नाहीत. खोली बौद्धवाड्यात असली की गावातली मुले येत नाहीत. मग 'पटसंख्या कमी' असा शेरा पडतो आणि केंद्र हलवण्याचा प्रस्ताव तयार होतो. मदतनीस आमची असेल तर तिच्या हातचे पाणी चालत नाही. ही आमची कल्पना नाही. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या ५३१ गावांच्या पाहणीवर आधारलेला जो अभ्यास २००५ मध्ये मांडला, त्यात शाळेचा आहार व रेशन दुकान सवर्ण वस्तीत असण्याचा आणि दलित स्वयंपाकिणीला विरोध होण्याचा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण त्यावरून आपला महाराष्ट्र फार वेगळा आहे असे कुणी म्हणू नये. वकिलीच्या कामात आमच्याकडे आलेल्या मातांनी मुलाला वेगळे बसवल्याचे सांगितले आहे. त्यांना आम्ही एकच सांगतो, की हा अपमान गिळण्याचा विषय नाही. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ तीन वर्षांच्या मुलासाठीही आहेत.

सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नाची दखल घेतली होती. पीयूसीएलने २००१ मध्ये दाखल केलेल्या अन्न अधिकाराच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाड्या सुरू करण्यास सांगितले आणि आहार पुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी देण्याचे बंधन घातले. २०१७ मध्ये तो खटला निकाली निघाला आणि आता २०१३ चा कायदा हाच मुख्य आधार आहे. तरी ठेकेदार गेले का? महाराष्ट्रात घरी न्यायच्या आहाराची २०१६ ची निविदा फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. खऱ्या महिला बचतगटांना बाहेर ठेवणाऱ्या अटींचा तो प्रश्न होता. मुलाच्या तोंडचा घास हा मोठा धंदा आहे, हे त्यावरून समजावे.

आणि जिच्या हातून हे सारे चालते ती सेविका? बहुतांशी आपल्याच समाजातली, विधवा, परित्यक्ता, घर चालवणारी बाई. वजन-उंची घेणे, आहार, पोषण ट्रॅकरची नोंद, घरभेटी ही सगळी कामे तिच्याच डोक्यावर, आणि पगाराच्या जागी 'मानधन'. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविकांनी दीर्घ संप केला. तिचा लढा आणि मुलाच्या ताटाचा लढा एकच आहे. सेविकेला चोर ठरवून ठेकेदाराला मोकळे सोडणे म्हणजे शत्रूच्या सोयीचे राजकारण होय.

मग करायचे काय? निवेदनाचा फोटो छापून थांबायचे नाही.

एक, प्रत्येक वस्तीत तीन-चार मातांनी आठवड्यातून एक दिवस शिजवण्याआधी धान्य, डाळ, तेल तोलून घ्यावे आणि वहीत लिहावे. सेविकेला विश्वासात घेऊन करावे, तिच्यावर धाड घालू नये.

दोन, दर महिन्याला मुलाचे वजन व उंची विचारावी. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. अशा मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे आणि ग्राम बाल विकास केंद्राची मागणी करावी.

तीन, आहार मिळाला नाही तर लेखी तक्रार करावी. कलम ८ नुसार न मिळालेल्या आहाराबद्दल राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. कलम १५ नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि कलम १६ नुसार राज्य अन्न आयोग आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगूनही दाद न देणाऱ्या लोकसेवकाला कलम ३३ नुसार पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोंडी तक्रारीवर थांबू नये. अर्जाची पोच घ्यावी.

चार, पुरवठ्याची बिले आणि साठा नोंदवही माहितीच्या अधिकारात मागावी. कलम २८ मधील सामाजिक अंकेक्षणाचा विषय ग्रामसभेत घ्यायला लावावा.

पाच, ज्या वस्तीत जागा नाही तेथे विहाराचे वा समाजमंदिराचे सभागृह आठवडाभर कुलपात ठेवण्यापेक्षा अंगणवाडीला द्यावे. भाडे, पाणी, स्वच्छतागृह मात्र सरकारकडूनच घ्यावे, आणि त्या दारातून सर्व जातींची लेकरे आत यावीत.

सहा, ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची नोंद मुक्कामाच्या गावी करून घ्यावी. हक्क मुलाचा आहे, गावाचा नाही.

आपल्या परिषदांत आरक्षणाचे ठराव होतात, शिष्यवृत्तीचे होतात. ते झालेच पाहिजेत. परंतु तीन वर्षांच्या वयात ज्याची वाढ खुंटली, तो त्या शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचणार कसा? 'शिका' हा पहिला आदेश पाळायला मेंदूला अन्न लागते. ते अन्न अंगणवाडीच्या त्या छोट्या ताटात आहे. त्या ताटातली १५ ग्रॅम डाळ परत मिळवणे हेही चळवळीचेच काम आहे. उद्या सकाळी वस्तीतल्या अंगणवाडीत जा, आणि जाताना तराजू घेऊन जा.