दसऱ्याच्या आत हँडल मोकळं करा
बीड जिल्ह्यात दुचाकीवर रोज अप-डाऊन करणाऱ्या सर्वांना कळकळीचं आवाहन



दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातले रस्ते बदलतात. ऊसतोडीसाठी मुकादमांच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे निघतात. आपल्याच भागातल्या कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. त्याच रस्त्यावरून, त्याच अंधारात आपण घरी परततो. गाडीच्या हँडलला डब्याची पिशवी, बाजाराची पिशवी, कागदपत्रांची पिशवी लोंबकळत असते.

माझी विनंती एकच आहे. या दसऱ्याच्या आत हँडलला काहीही अडकवणं बंद करा. रोजचं सामान नेण्यासाठी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना नीट बसणारी आणि हातासरशी काढता येणारी साईड बॅगची जोडी लावून घ्या.

विषय किरकोळ वाटेल. पण आपल्याकडे दुचाकी हीच बैलगाडी आहे आणि दुचाकी हीच एसटी आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे आली. अनेक पिढ्यांनी वाट पाहिलेली ती गाडी डोळे भरून पाहिली. तरीही बीडहून शिरूर कासारच्या वस्तीवरच्या शाळेत जायचं, केजहून धारूरच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर जायचं, माजलगावहून धरणाकाठच्या गावात बँकेची वसुली करायची, तर स्प्लेंडर, शाईन नाहीतर प्लॅटिनाच काढावी लागते. गुरुजी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नेतात. लस पोचवणारा माणूस बर्फाच्या चार पॅकचा निळा डबा नेतो. पिग्मीवाले पावतीपुस्तक आणि मशीन नेतात. हे सगळं आज खांद्यावर, टाकीवर किंवा हँडलवर असतं.

हँडलला अडकवलेली पिशवी काय करते, ते मी स्वतः भोगलंय. घाटातल्या वळणावर चाचणीच्या पेपरांची पिशवी झोका घेऊन पुढे गेली, तिचा बंद पुढच्या चाकाच्या तारांत गुंतला आणि चाक जागीच अडकलं. मी गाडीच्या पुढे जाऊन पडलो. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन महिने हात गळ्यात होता. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितो आहे. पिशवीत किती वजन होतं? चार किलोसुद्धा नव्हतं.

वजन थोडं असलं तरी जागा चुकीची होती. हँडलला लटकलेलं ओझं प्रत्येक खड्ड्यात झोका घेतं आणि तो झोका थेट स्टिअरिंगमध्ये उतरतो. हँडल पूर्ण वळवायला जावं तर पिशवी टाकीला अडते. कधी ती ब्रेकच्या लिव्हरवर दाबून बसते, कधी इंडिकेटर झाकते. पाठीवर दहा किलोची सॅक घेतली तर हँडल मोकळं राहतं, पण खड्ड्यांचा प्रत्येक दणका मणक्यात बसतो आणि संध्याकाळी कंबर धरून बसावं लागतं. सीटवर मागे रबरी दोरीने बांधलेलं गाठोडं कधी सरकलं ते कळत नाही. मागून कोणी ओरडलं तरच कळतं.

आपल्या वाडवडिलांना ही चूक मान्य झाली नसती. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून देशभर फिरले. बैलाच्या दोन्ही अंगांना सारख्या भाराची गोण असायची. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गोण एका बाजूला जड झाली तर बैल चालत नाही हे ते सांगतील. मढीच्या यात्रेत गाढवं विकायला येणारे लोकही हेच सांगतील. खांद्यावरची पडशी पुढे आणि मागे सारखी भरायची हे शहाणपण आपल्या घरातलंच आहे. जनावराच्या मानेला कोणी ओझं टांगत नव्हतं. गाडीच्या मानेला आपण ते रोज टांगतो.

आता बॅग कशी घ्यायची ते सांगतो.

पत्र्याची किंवा फायबरची डिक्की बोल्टने कायमची बसते. तिला कुलूप लागतं ही चांगली गोष्ट. पण रिकामी असली तरी ती रुंदी अडवते, आणि मागे कोणी बसलं की पायात येते. अप-डाऊनसाठी मला सुटी होणारी बॅगच बरोबर वाटते. सकाळी एकटे असताना लावावी, शाळेत किंवा ऑफिसात पोचल्यावर काढून आत न्यावी, संध्याकाळी घरची माणसं मागे बसणार असतील तर घरीच ठेवावी. बाजारात गाडी उभी राहिली तरी पिशवीची चिंता उरत नाही.

कापड जाड कॅनव्हासचं किंवा मजबूत रेक्झिनचं असावं आणि शिलाई नायलॉनच्या दोऱ्याची, पट्टा जिथे जोडला तिथे दुहेरी. मोठी बॅग पाहून भुलू नका. बॅग मोठी असली की ती भरली जातेच. एका बाजूला डबा, पाण्याची बाटली, रेनकोट आणि दुसऱ्या बाजूला वह्या-कागद मावले की पुरे. दोन्ही मिळून दहा-बारा किलोंच्या वर भरू नये असं माझं मत आहे. विकत घेण्याआधी दोन्ही बाजू भरून गाडीवर टाका आणि मागे दहा पावलांवर जाऊन पाहा. बॅग हँडलच्या टोकांच्या बाहेर दिसता कामा नये. हँडल जिथून पार झालं तिथून बॅगही पार झाली पाहिजे, नाहीतर ट्रॉलीच्या बाजूने निघताना अंदाज हमखास चुकतो.

चाकाकडच्या अंगाला आतून ताठ आधार हवा. पातळ प्लायवूडचा किंवा जुन्या प्लास्टिक कॅनचा कापलेला तुकडा चालतो. पत्रा घालू नका, त्याच्या कडा कापड आतूनच कापतात. पावसासाठी कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. खताच्या गोणीतली आतली पिशवी धुऊन कागदांना वापरता येईल, जेवणाच्या डब्याला मात्र ती कधीच वापरू नका.

खरी चूक होते ती बसवताना. दुकानदार बॅग सीटवर टाकतो, बक्कल लावतो आणि झालं म्हणतो. झालेलं नसतं.

गाडी डबल स्टँडवर घ्या. सीट काढा. दोन्ही बॅगांना जोडणारे पट्टे सीटच्या खालून, चेसीवरून न्या. बॅटरीच्या आणि वायरिंगच्या वर त्यांचा दाब पडू देऊ नका. सीट परत घट्ट बसवा. आता बॅग मागे-पुढे सरकणार नाही. पण खालचा भाग अजून मोकळा आहे आणि धोका तिथेच असतो. प्रत्येक बॅगच्या खालच्या कोपऱ्यातून एक पट्टा पुढे घेऊन मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला बांधा, म्हणजे बॅग चाकाकडे झोका घेणार नाही. इथे सुतळी नको, ट्यूब कापून केलेली दोरीही नको. सुतळी ढिली होते आणि ट्यूब ताणली जाते. उरलेली पट्ट्याची शेपटी कापा, टोक काडीने जाळून बंद करा आणि आत खोचा. लोंबणारी एक वीतभर पट्टी चेनमध्ये गेली तर मागचं चाक जाम होतं.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना सायलेन्सर उजवीकडे आणि चेन डावीकडे असते. म्हणून उजवी बॅग जरा वर आणि सायलेन्सरपासून किमान चार बोटं दूर हवी. घाट चढल्यावर सायलेन्सर इतका तापतो की रेक्झिन चिकटून वितळतं. त्या बाजूला सॅनिटायझर, फवारणीचं औषध किंवा पेट्रोलची बाटली अजिबात ठेवू नका. डावीकडे बॅगला साडीगार्डचा आधार मिळतो, पण साईड स्टँड लावल्यावर गाडी त्याच अंगाला कलते, तेव्हा बॅग जमिनीला टेकत नाही ना ते पाहा. किक मारताना पाय अडतो का, मागचा ब्रेक लाईट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाते का, हेही पाहून घ्या.

सगळं भरून झालं की दोघांनी मिळून सीटवर जोर देऊन गाडी खाली दाबा. शॉकअप दबलेला असतानासुद्धा बॅग, चाक आणि सायलेन्सर यांच्यात अंतर उरलं पाहिजे. मग गावातल्याच रस्त्यावर दोनेक किलोमीटर हळू फिरा, दोन-चार वेळा ब्रेक दाबा, थांबा आणि पट्टे पुन्हा ओढा. पहिल्या दिवशी पट्टे ढिले पडतातच. जड वस्तू नेहमी तळाला आणि पुढच्या बाजूला ठेवा. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरायला लागतं. टायरमधल्या हवेचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, एकट्यासाठी वेगळा आणि भारासाठी वेगळा. सामान वाढलं की ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, एवढं लक्षात ठेवून ट्रॉलीच्या मागे गाडी ठेवा.

मायबहिणींनो, आता तुमच्याशी बोलतो. आपल्याकडे बहुतेक बाया मागे एका बाजूला बसतात, दोन्ही पाय डावीकडे. डावी बॅग लावलेली असेल तर पाय टेकायला जागा राहत नाही, साडीचा काठ बॅग आणि चाक यांच्यामध्ये ओढला जातो. म्हणून तुम्ही बसणार असाल तर आधी डावी बॅग काढायला लावा आणि भार सारखा राहावा म्हणून उजवीही. संकोच करू नका, घाई असली तरी थांबवा. साडीगार्ड काढून टाकलेल्या गाडीवर तर बसूच नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं साधन असावं असं केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ सांगतो, आणि ते तुमच्या पदरासाठी, ओढणीसाठीच आहे. गाडी दिसायला छान दिसावी म्हणून साडीगार्ड काढणाऱ्या पोरांनो, तुमच्या मागे तुमचीच आई बसते. बॅग लावली म्हणजे साडीगार्डची गरज संपली असंही समजू नका, बॅग रोज निघणार आहे.

हाच नियम २०२० साली दुरुस्त झाला तेव्हा मोटारसायकलवरच्या हलक्या पेटीची मापंही ठरली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० च्या आत. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली तर गाडीवर एकट्यानेच बसायचं. पार्सल पोचवणाऱ्या पोरांनी हे माप घरी टेपने मोजून घ्यावं.

दूध घालणाऱ्या भावांना हे कापडी बॅगचं उत्तर पुरणार नाही. चाळीस लिटरच्या भरल्या कॅनमध्ये नुसतं दूधच ४१ किलो असतं. त्याला लोखंडी स्टँडच हवा, तोही चेसीला बसवलेला. पण मापाचा डबा आणि वह्या तेवढ्या हँडलवरून खाली घ्या.

आणि ऊसतोडीला गाडीवर निघणाऱ्या जोडप्यांना हात जोडून सांगतो. कोल्हापूर इथून तीनशे किलोमीटरच्या वर आहे. टाकीवर लेकरू, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं लेकरू, हँडलला भांड्यांची पिशवी आणि बाजूला अंथरुणाची वळकटी, असा प्रवास करू नका. भांडी, अंथरूण, कोयते टोळीच्या ट्रकमध्ये घाला. मुकादमांनो, उचल देताना हिशेब पक्का ठेवता, तसं सामानाला ट्रकात जागा आणि लेकरांना सीटवर जागा देणंही तुमच्याच अंगावर आहे. दुचाकी न्यायचीच असेल तर एका माणसाने, दिवसाउजेडी, भार सारखा बांधून न्यावी.

सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिरांनो, या कामात तुमच्याइतका उपयोगी माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. शहरातून मागवलेली बॅग प्रत्येक गाडीला बसत नाही, तुम्ही गाडी समोर ठेवून शिवता. दसऱ्याआधी येणाऱ्या प्रत्येक जोडीला मागच्या बाजूला लाल आणि कडेला पिवळी चमकणारी पट्टी लावा, खालचा पट्टा दिल्याशिवाय बॅग देऊ नका आणि ती गिऱ्हाइकाच्या गाडीवर स्वतः बांधून दाखवा. मेस्त्री लोकांनी सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीच्या हँडलला बसवलेला हुक दिसला तर मालकाला विचारून तो काढून टाकावा. मुख्याध्यापकांनी आणि शाखाधिकाऱ्यांनी आपल्या माणसांच्या बॅगा ठेवायला आत एक कोपरा मोकळा करून द्यावा. रोज बॅग काढून आत आणायची सोय नसली तर चार दिवसांत माणूस पुन्हा हँडलकडे वळतो.

खंडेनवमीला, दसऱ्याला आपण गाड्या धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. या वर्षी गाडी धुवून झाली की आधी पाना घ्या, हँडलचा हुक काढा, सीट उघडा आणि साईड बॅगचे पट्टे चेसीवरून ओढून घ्या. मग हार घाला, तोही हेडलाईटच्या वर, आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी उतरवून ठेवा.