विश्लेषण : घरच्या कामासाठी मॉनिटर घेताना इंच मोजावेत की पिक्सेल?

२०२० च्या टाळेबंदीत जेवणाच्या टेबलावर आलेला लॅपटॉप अनेक घरांत अजून तिथेच आहे. मान खाली घालून आठ-आठ तास काम केल्यावर वेगळ्या मॉनिटरची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नाही. प्रश्न असतो कोणता घ्यायचा. दिवसभर एक्सेल, ई-मेल, ऑनलाइन बैठका आणि शनिवारी रात्री एखादा चित्रपट, असा बहुतेकांचा वापर. विक्रीच्या जाहिरातींत मात्र आधी इंच दिसतात, मग हर्ट्झ, मग एचडीआर. अशा वापरासाठी हा क्रम चुकीचा आहे.

पडदा मोठा, तरी अक्षरे धूसर का?

२४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० बाय १०८० पिक्सेल असतात. २७ इंची फुल एचडीवरही तेवढेच. म्हणजे तीन इंचांचे जादा पैसे मोजूनही एक्सेलची एक ओळ जास्त मावत नाही. आहेत तेच ठिपके मोठे होतात. पहिल्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, दुसऱ्यावर ८२. हातभर अंतरावरून हा फरक जाणवतो आणि देवनागरीत तो जास्त जाणवतो. रोमन अक्षर थोडे विरले तरी ओळखू येते. पण रफार, त्याला चिकटलेला अनुस्वार, खालचा ऋकार, ‘त्त’ आणि ‘त्र’मधला बारीक फरक हे सगळे जरा उंचीत कोंबलेले असते. दिवसभर शासन निर्णयांच्या पीडीएफ किंवा मराठी मजकूर वाचणाऱ्याने २७ इंची फुल एचडीच्या वाटेला जाऊच नये. स्वस्त असल्यामुळे नेमका तोच सर्वाधिक घेतला जावा, असा मोह असतो.

२७ इंचांत हवे ते २५६० बाय १४४० पिक्सेल, म्हणजे क्यूएचडी. दुकानात याला ‘टूके’ही म्हणतात. यात फुल एचडीच्या पावणेदोन पट पिक्सेल असतात, इंचाला साधारण १०९. दोन कागदपत्रे शेजारी-शेजारी उघडून वाचता येतात. बजेट तेवढे नसेल तर २४ इंची फुल एचडी घ्यावा. तो लहान असला तरी अक्षरे अधिक रेखीव दिसतात.

मग थेट फोरके का नको? २७ इंची फोरकेवर इंचाला १६३ पिक्सेल येतात आणि अक्षरे छापल्यासारखी दिसतात. पण ती इतकी बारीक होतात की विंडोजमध्ये सगळे १५० टक्के मोठे करावे लागते. तसे केले की कामाची जागा क्यूएचडीइतकीच उरते. दिवसभर वाचन करणाऱ्यांना त्या रेखीवपणाचे मोल आहे. इतरांनी फरकाच्या पैशांत बरी खुर्ची घ्यावी.

चित्रपटासाठी कोणते पॅनेल?

एलसीडी पडद्यामागे दिवा सतत जळत असतो. पॅनेल तो प्रकाश किती अडवते, त्यावर काळा रंग किती काळा दिसेल हे ठरते. आयपीएस पॅनेलचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर साधारण एक हजारास एक असते, व्हीएचे तीन हजारांच्या आसपास. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला सिनेमा मॉनिटरवर लावला की वर-खाली मिळून जवळपास पाव उंची काळ्या पट्ट्यांत जाते. अंधाऱ्या खोलीत आयपीएसवर या पट्ट्या राखाडी वाटतात, व्हीएवर बऱ्याच काळ्या.

तरीही कौल आयपीएसलाच. व्हीएवर बाजूने पाहिले की रंग फिके पडतात आणि घरात सिनेमा एकटा कुणी समोर बसून पाहत नाही. एक खुर्चीत असतो, दोघे पलंगावर. शिवाय काम पाच दिवस आणि सिनेमा एक रात्र, हा हिशेब आहेच. मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून छोटा दिवा लावला, तर आयपीएसचा काळाही डोळ्यांना अधिक गडद भासतो. हा उपाय फुकटात पडतो. ओएलईडीचा काळा रंग खराच काळा, पण खालची टास्कबार रोज तासन् तास एकाच जागी राहिल्याने कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. कार्यालयीन कामासाठी तो सध्या नकोच.

एचडीआरचे लेबल खरे असते का?

‘एचडीआर१० सपोर्ट’ याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो, एवढाच. तो तसा दाखवता येईल इतका उजेड पडद्यात असेलच असे नाही. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ हे प्रमाणपत्रही प्राथमिक दर्जाचे आहे; पडद्याचा उजळ आणि अंधारा भाग स्वतंत्रपणे नियंत्रित करण्याची अट त्यात नाही. या दोन शब्दांसाठी जादा पैसे देऊ नयेत. हर्ट्झचे थोडे वेगळे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. २४ ने १२० ला पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही. त्यामुळे १२० हर्ट्झवर कॅमेरा संथ फिरताना हिसके कमी दिसू शकतात. आहे त्या किमतीत मिळाले तर घ्यावे, पण त्यासाठी ‘गेमिंग’ मॉनिटर शोधत बसू नये.

जोडताना काय अडते?

जुन्या लॅपटॉपमधले एचडीएमआय १.४ फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवते आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो. यूएसबी-सीची एकच केबल चित्रही नेते आणि लॅपटॉप चार्जही करते, ही सोय उत्तम. पण लॅपटॉपचे ते पोर्ट चित्र पाठवणारे आहे का, हे आधी तपासावे. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगपुरते असतात.

जाहिरातीत सर्वांत कमी जागा मिळते ती स्टँडला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. स्वस्त मॉनिटर फक्त पुढे-मागे झुकतात, वर-खाली होत नाहीत. असा घ्यावाच लागला तर मागे वेसा मानकाची, १०० बाय १०० मिलिमीटर अंतरावरची चार भोके आहेत का ते पाहावे. तिथे नंतर टेबलाला लावायचा आर्म बसवता येतो. तोपर्यंत खाली जाडजूड ग्रंथ ठेवूनही भागते.