श्रीनाथचा खांदा

म्हैसूर म्हटलं की तुम्हाला दसरा आठवेल, चंदनाचा साबण आठवेल. आमच्या घरात मात्र जवागल श्रीनाथ आठवतो. फुटबॉलपटूचा जसा गुडघा, तसा वेगवान गोलंदाजाचा खांदा. तो कुरकुरू लागला की पोटापाण्याचाच प्रश्न!

श्रीनाथ म्हैसूरचाच, तिथेच इंजिनिअरिंग शिकलेला. पहिली कसोटी १९९१ साली ब्रिस्बेनला खेळला, पण मायदेशातली पहिली कसोटी मिळायला १९९४ उजाडलं. मग १९९६ मध्ये अहमदाबादला त्याने दक्षिण आफ्रिकेचे सहा गडी अवघ्या २१ धावांत टिपले. आता हा थांबत नाही, असं वाटलं आणि काही महिन्यांतच खांदा गेला. १९९७चा वेस्ट इंडीज दौरा हुकला, शस्त्रक्रिया करावी लागली.

दुखापत होती रोटेटर कफची. जरा हात वरून गोल फिरवून बघा. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या उथळ खोबणीत बसतो आणि चार स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. चेंडू सुटल्यावर जोरात फिरणाऱ्या हाताला ब्रेक लावायचं कामही त्यांचंच. दिवसाला वीस षटकं म्हणजे १२० वेळा ब्रेक. तेव्हा घरातलं पोर मैदानावरून येऊन ‘खांदा दुखतोय’ म्हणालं, तर बाम चोळून लगेच परत पाठवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

श्रीनाथ परतला. १९९९ मध्ये ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध त्याने सामन्यात १३ बळी घेतले, त्यांतले आठ दुसऱ्या डावात. तरी भारत ४६ धावांनी हरला. लोकांना त्या सामन्यातलं सचिनचं धावबाद होणं आठवतं. मला विचाराल तर शिवलेल्या खांद्याने घेतलेले ते १३ बळी अहमदाबादपेक्षा मोठे.

२००२ मध्ये त्याने कसोटीतून निवृत्ती घेतली होती, पण कर्णधार सौरव गांगुलीने गळ घालून परत आणलं. २००३च्या विश्वचषकात, तेहतिसाव्या वर्षी, त्याने १६ बळी घेतले. अंतिम सामन्यात मात्र ऑस्ट्रेलियाने त्याच्या दहा षटकांत ८७ धावा कुटल्या, बळी एकही नाही. तोच त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. खात्यावर कसोटीत २३६ आणि एकदिवसीयमध्ये ३१५ बळी. पुढे तो सामनाधिकारी झाला. तिथे खांद्याला काम नसतं!