तुरुंगाच्या दारातील पेटी

२०२१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईतील आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी असलेल्या एका साध्या पेटीची ओळख साऱ्या देशाला झाली. न्यायालयाने जामीन मंजूर केल्यावर सुटकेचा लेखी हुकूम तेथवर आणावयाचा, त्या पेटीत टाकावयाचा आणि ठरलेल्या वेळी तुरुंगाचा अंमलदार ती उघडील तेव्हा आतील कागदांप्रमाणे कैदी सोडावयाचे, असा तेथील शिरस्ता होता. त्या सुमारास गाजत असलेल्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने जामीन दिला, हमीदारही उभा राहिला. पण कागद सायंकाळी साडेपाचच्या आत पेटीपर्यंत पोचला नाही, म्हणून आरोपीला आणखी एक रात्र आत काढावी लागली. आरोपी नामांकित घरचा, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या रात्रीचा तासातासाचा वृत्तांत छापला. ज्यांच्या घरचे नाव कोणाला ठाऊक नसते अशा किती जणांच्या किती रात्री याच कारणाने गेल्या, त्याची गणती मात्र कोणी केली नाही.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातील तेरा कैदी सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही केवळ हुकुमाची प्रत न पोचल्याने अडकून पडले होते. तेव्हा तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी, निरोप घेऊन येणाऱ्या कबुतरांसाठी आपण अजून आकाशाकडे डोळे लावून बसलो आहोत, अशा आशयाचे उद्गार काढले. पुढे, मार्च २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचे हुकूम विजेच्या वेगाने पाठविण्याची व्यवस्था सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने खालच्या न्यायालयांना सांगितले की, जामिनाचा हुकूम त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाधिकाऱ्याकडे जावा, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने ते विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे. हे सारे स्वागतार्हच आहे. पण दोन सरकारी इमारतींमधील काही मैलांचे अंतर एका कागदाने कसे व केव्हा ओलांडावे, हे ठरविण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला वेळ खर्च करावा लागतो, हे काही साधे लक्षण नव्हे.

राज्यघटनेने पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्यांकडे दिले आहेत. महाराष्ट्रापुरते पाहिले तर पोलीस दल, तुरुंग आणि रक्ताचे डाग, विष वा हत्यार तपासून अहवाल देणारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा ही तिन्ही गृहखात्याची लेकरे. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांतील सहायक सरकारी अभियोक्ते अभियोग संचालनालयाच्या, म्हणजे पर्यायाने पुन्हा गृहखात्याच्याच छत्राखाली. सत्र न्यायालयात उभे राहणारे सरकारी वकील मात्र विधी व न्याय विभागाचे. शवचिकित्सा करणारा डॉक्टर आरोग्य खात्याचा. शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर ज्याला सोडता येईल अशा आरोपीची चौकशी करणारा परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचा. न्यायाधीश अर्थातच उच्च न्यायालयाच्या अधीन, आणि ते तसेच असावयास हवे. प्रत्येकाची नोंदवही निराळी, वरिष्ठ निराळे, वर्षअखेरचा ताळेबंद निराळा. पोलिसांचे काम दोषारोपपत्र दाखल झाले की कागदोपत्री संपते. प्रयोगशाळेचे काम अहवालावर सही झाली की संपते. तुरुंगाचे काम कैद्यांची संख्या सकाळ-संध्याकाळ जुळली की संपते. या सर्वांमधून जो मनुष्य जात असतो, त्याचे काम मात्र संपत नाही.

एवढे वाचून, ही यंत्रणा एकजुटीने चालत नाही अशी नेहमीची तक्रार येथे होणार, असे वाचकास वाटेल. पण तक्रार अर्धीच खरी आहे. फौजदारी न्यायाच्या या अंगांनी सर्वच बाबतींत एकजुटीने चालावे अशी घटनेची अपेक्षाच नाही. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे घटनेचा बाविसावा अनुच्छेद सांगतो, तो पोलिसांच्या शब्दावर विसंबू नये म्हणूनच. कोठडीतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये बजावले, तेही त्याच कारणासाठी. पंचनाम्याला पंच लागतात, कारण जप्ती करणाऱ्याने स्वतःच स्वतःचा साक्षीदार होऊ नये. या व्यवस्थेत काही अंतरे मुद्दाम राखलेली आहेत. दुर्दैव असे की, जेथे अंतर हवे तेथे आपल्याकडे सलगी झाली आहे आणि जेथे हातात हात हवा तेथे कोणी कोणाला ओळखत नाही.

सलगीची उदाहरणे न्यायालयाच्या आवारात अर्धा दिवस घालविणाऱ्या कोणालाही दिसतील. आरोपींची रांग येते, तपासी अंमलदार 'पुढील तपासासाठी' कोठडी मागतो, कारणांचा मजकूर मागच्याच अर्जावरून उतरवलेला असतो, आणि हुकूम होतो. अटक आणि कोठडी यांना यांत्रिकपणे मान्यता देऊ नका, हे दंडाधिकाऱ्यांना २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात स्पष्ट शब्दांत सांगावे लागले, याचा अर्थ तशी मान्यता दिली जात होती. डॉक्टरपुढे आरोपीला नेणारा शिपाईच शेजारी उभा असेल, तर 'काही तक्रार आहे का?' या प्रश्नाला उत्तर काय यावे? पंचांचे तर विचारूच नये. ठाण्याच्या आसपासच वावरणारे तेच ते पंच न्यायालयाने अनेकदा ओळखले, आणि मग राज्य शासनाने २०१५ मध्ये गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांनाच पंच म्हणून घ्यावे असे ठरविले. (या पानाच्या वाचकांपैकी काही कारकून आणि शिक्षक बंधूंना त्या निर्णयाचा लाभ मिळाला असेल; पंच फितूर झाला तर त्याच्यामागे खातेनिहाय चौकशीचे शुक्लकाष्ठ लागते.) सरकारचा तपास, सरकारचा पंच, सरकारचा वकील. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे केले आहे. त्याचा उपयोग होईलही. पण कॅमेरा कोणाच्या हातात आहे हा प्रश्न उरतोच.

अंतर राखणे किती अवघड जाते याची सर्वांत बोधक कथा सरकारी अभियोक्त्यांची आहे, आणि ती आपल्या राज्यातील आहे. पूर्वी दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात खटला चालवीत असे तो पोलीस खात्याचाच अभियोक्ता. त्याने तपासातील दोष दाखवावयाचे ते कोणाला? ज्याच्या हाती आपली बढती आणि बदली आहे त्याला! अभियोग पोलिसांपासून वेगळा करा, असे विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात सुचविले. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आली, तिच्या पंचविसाव्या कलमाने सहायक सरकारी अभियोक्त्यांचे पद निर्माण केले. महाराष्ट्राने ते कलम पाळले, पण आपल्या पद्धतीने: होते तेच पोलीस अभियोक्ते नव्या नावाने नेमले आणि त्यांना पोलीस खात्याच्याच शिस्तीखाली ठेवले. पाटी बदलली, दुकान तेच राहिले. अखेर १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशाने कायद्याचा हेतू सफल होत नाही. या अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग करावा, त्यांच्यावरील पोलीस खात्याचे नियंत्रण काढावे आणि त्यांचा प्रमुख थेट शासनाला जबाबदार असावा. कायदा ते अंमलबजावणी, मध्ये एकवीस वर्षे.

या विभक्ततेतून पुढे जे झाले तेही विसरण्यासारखे नाही. एका घरातून निघालेला अभियोक्ता दुसऱ्या घरात रुळला. पण तपास चालू असताना त्याला विचारण्याची रीत मात्र पडली नाही. दोषारोपपत्र तयार होऊन त्याच्या टेबलावर येई तेव्हा साक्षीदाराचा जबाब घ्यावयाचा राहिलेला असे, मुद्देमालाच्या मोहोरेचा पंचनाम्यात उल्लेख नसे, आणि वेळ निघून गेलेली असे. २०१२ मध्ये भारतीय दंडसंहितेखालील खटल्यांत महाराष्ट्रातील दोषसिद्धीचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. त्यानंतर पोलीस ठाण्यांतून पैरवी अधिकारी नेमण्यावर भर देण्यात आला, दोषारोपपत्रे आधी तपासून घेण्याचे हुकूम निघाले, आणि प्रमाण वाढले. म्हणजे स्वतंत्र राहूनही दोघांनी एकत्र बसणे अशक्य नव्हते. नव्या संहितेच्या विसाव्या कलमात अभियोग संचालनालयातील अधिकाऱ्यांची कामे वाटून दिली आहेत. त्यात पोलिसांचा अहवाल बारकाईने तपासण्याचे काम उपसंचालकाकडे, सात वर्षांपासून दहा वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, शब्दशः नोंदलेले आढळते. त्याहून गंभीर गुन्ह्यांसाठी संचालकाच्या वाट्याला देखरेख आणि अपिलाविषयी मत देणे आले आहे. खुनाच्या खटल्यातील कागद आधी कोणी तपासावेत, हे कायद्याने अध्याहृत ठेवले आहे.

आता दुसरी बाजू, जेथे हातात हात हवा ती. खटल्याची तारीख लागते. न्यायाधीश हजर, वकील हजर, दूरच्या गावाहून पदरचे एस.टी.चे भाडे खर्चून आलेला साक्षीदार हजर, आरोपी नाही. तुरुंग सांगतो, आम्ही कैदी तयार ठेवला होता, पोलीस पार्टी आली नाही. पोलीस मुख्यालय सांगते, माणसे बंदोबस्ताला होती. कोठे उत्सव, कोठे मोर्चा, कोठे मंत्र्यांचा दौरा. न्यायालयाच्या रोजनाम्यात एक ओळ लिहिली जाते आणि पुढची तारीख पडते. यात कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाने आपापल्या खात्यापुरते कर्तव्य केलेलेच असते. दूरचित्रसंवादाने आरोपीला न्यायालयापुढे आणण्याची सोय झाल्यापासून साध्या तारखांचा प्रश्न बराच सुटला आहे. तथापि पडद्यावरील आरोपी आपल्या वकिलाच्या कानात काही सांगू शकत नाही. साक्षीपुराव्याच्या दिवशी तो तेथे असावयास हवा. मुद्देमालाची कथा वेगळी नाही. ज्याला न्यायालयात 'सी. ए. रिपोर्ट' म्हणतात तो प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही म्हणून खटला थांबतो, आणि प्रयोगशाळा म्हणते की आमच्याकडे नमुन्यांचे ढीग आहेत. कोणता नमुना तुरुंगात असलेल्या माणसाचा आणि कोणता जामिनावर सुटलेल्याचा, हे त्या ढिगावर लिहिलेले नसते. हा तपशील पोलिसांना, न्यायालयाला आणि तुरुंगाला तिघांनाही माहीत असतो.

२०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती, त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी. चारांतील तिघांवर अद्याप कोणताही अपराध शाबीत झालेला नव्हता. कायद्याने त्यांचा विचार केलाच नाही असे नाही. तपास साठ वा नव्वद दिवसांत पुरा झाला नाही तर जामिनाचा हक्क आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला सोडण्याची तरतूद २००६ पासून आहे. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाने प्रथम अपराध्यासाठी ती एक तृतीयांशावर आणली, आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे काम खुद्द तुरुंगाधिकाऱ्यावर सोपविले. दोन खात्यांच्या सांध्यावर कोणाचे तरी नाव लिहिणारी ही तरतूद मोलाची आहे. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. भुरट्या चोरीत सापडलेल्या पोरावर ठाण्यातील आणखी दोन-चार जुन्या चोऱ्या 'उघडकीस आल्या' म्हणून दाखविण्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना हा अपवाद कोणाला लागू पडणार हे सांगावयास नको.

या साऱ्यावर केंद्र सरकारचा उपाय संगणकाचा आहे. पोलीस, न्यायालये, तुरुंग, अभियोग आणि प्रयोगशाळा ही पाचही दफ्तरे एका जाळ्यात जोडण्याच्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले. माहिती एकदाच नोंदवावी, ती सर्वांना दिसावी, हा हेतू चांगला. पण पार्टी आली नाही ही माहिती पाचांनाही दिसली म्हणून पार्टी येत नाही. दिसणे आणि उत्तर देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उत्तर मागण्याची जागा निराळी निर्माण करण्याचीही आवश्यकता नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ मधील आदेशांनी प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांच्या पुनर्विलोकनाची समिती नेमली आहे. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष; जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, आणि मागाहून त्यात तुरुंगाधिकाऱ्यांचीही भर पडली. ही सगळी मंडळी अधिकृतपणे एका टेबलाभोवती बसतात, तीही दर तीन महिन्यांनी. आज त्या टेबलावर मुख्यतः सुटकेस पात्र कैद्यांची यादी येते. तिच्याबरोबर आणखी एक यादी यावी: गेल्या तीन महिन्यांत तुरुंगातील आरोपींच्या ज्या तारखा वाया गेल्या, त्यांची रोजनाम्यातून उतरवून काढलेली कारणे. पार्टी नव्हती किती वेळा, अहवाल नव्हता किती वेळा, समन्स बजावले गेले नव्हते किती वेळा, न्यायाधीशच रजेवर होते किती वेळा. अभियोग संचालनालयाचा आणि प्रयोगशाळेचा प्रतिनिधी त्या दिवसापुरता बोलवावा, लोकअभिरक्षक कार्यालयातील बचावाच्या वकिलालाही बसवावे, आणि इतिवृत्त जिल्हा न्यायालयाच्या फलकावर लावावे.

यामुळे न्यायाधीश पोलिसांच्या पंक्तीला बसतील आणि त्यांच्या स्वातंत्र्यास बाध येईल, अशी शंका काही ज्येष्ठ वकील घेतात. ती टाकाऊ नाही. म्हणूनच त्या टेबलावर कोणत्याही खटल्याच्या गुणावगुणांची चर्चा होता कामा नये. तारखा, वाहने, शिपाई, नमुने आणि कागद एवढाच विषय असावा, आणि बचावाच्या वकिलाला तेथे खुर्ची हवी ती त्यासाठीच. रोजनामा लिहिणारा कारकून प्रत्येक न्यायालयात आहे. कारणाची ती ओळ तो आजही लिहितोच. तीन महिन्यांच्या त्या ओळींची बेरीज करून जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवण्यास त्याला दोन दिवस पुरतील.