हौसेला मोल असते

‘हौसेला मोल नसते’ ही म्हण आपल्याकडे दोन प्रसंगी ऐकू येते. कुणी लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च केला की ती कौतुकाने म्हटली जाते. कुणी घरात एखादी ‘निरुपयोगी’ वस्तू आणली की तीच ओठ मुडपून म्हटली जाते. आमच्या वाट्याला दुसरा प्रकार अधिक आला. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना या तालुक्याच्या गावी राहून आम्ही आजवर चार इलेक्ट्रिक बेस गिटारी विकत घेतल्या आणि त्यांपैकी तीन विकल्या. चौथी सध्या घरात आहे. तीही जन्मभर राहील असा आमचा दावा नाही. वादक म्हणून आम्ही सामान्य आहोत. तेव्हा हा सारा व्यवहार केवळ हौसेचा, हे प्रथमच मान्य करून टाकतो.

या व्यवहारावर आमच्या साहित्यिक मित्रमंडळीत (त्यांत मराठीचे अध्यापक पुष्कळ) तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, हा चंगळवाद आहे. दुसरा, गोंड-कोलामांच्या मुलखात राहून कॅलिफोर्नियात जन्मलेल्या वाद्याचा सोस धरणे ही सांस्कृतिक बेपर्वाई आहे. तिसरा आक्षेप सर्वांत सात्त्विक: वाद्यावर ज्याचे खरे प्रेम असते तो ते विकत नाही. तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच समजूत आहे. कलेच्या वस्तूला किंमत लागली की ती बाटते, ही ती समजूत. आम्हांला ती चुकीची वाटते, आणि आपल्या समाजाचा इतिहास पाहता अन्यायकारकही वाटते.

आधी वाद्याविषयी थोडे, कारण आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते साध्या गिटारीहून वेगळे ओळखता येत नाही. बेस गिटारीला साधारणपणे चार तारा असतात आणि त्या गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर बोलते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून हा मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला कान तो मनातल्या मनात उभा करतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली हे वाद्य बाजारात आणले. त्यापूर्वी खर्जाची जबाबदारी माणसाएवढ्या उंच, बिनपडद्यांच्या डबल बेसवर असे. ते नेण्याआणण्यास अवजड, आणि ड्रम व पितळी वाद्यांच्या गदारोळात बुडून जाणारे. फेंडर यांनी ते गळ्यात अडकवण्याजोगे केले, विजेवर चढवले आणि त्याला पडदे बसवले. पडद्यांमुळे स्वर नेमक्या जागी सापडतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन बेस’. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ हे वाद्य वाजवीत. त्या गाण्यांच्या चाली सगळा देश गुणगुणला. बेसची ओळ कुणी गुणगुणल्याचे स्मरत नाही. परंतु ती काढून घेतली तर गाणे पाया खचलेल्या भिंतीसारखे डगमगेल. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कथाही याहून वेगळी नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे वाद्य माणसाच्या हाती कसे येत असे? बहुतांशी जन्माने. संबळ गोंधळ्याच्या घरी, हलगी मातंगाच्या, सनई-चौघडा गुरव-घडशांच्या. ‘मला सनई आवडते, म्हणून मी सनई घेतो’ हे वाक्य उच्चारण्याची सोयच गावगाड्यात नव्हती. ज्याला वाजवावे लागे त्याला ‘नको’ म्हणता येत नसे, आणि ज्याला वाजवावेसे वाटे त्याला ते शोभत नसे. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते हे दाखवून दिले. वाद्यांच्या बाबतीत ही विभागणी अक्षरशः कानांनी ऐकता येत असे. कोणता आवाज कोणत्या आळीतून येतो हे गावाला ठाऊक असे. पुढे अनेकांनी गावकीच्या कामांबरोबर सक्तीचे वाजवणेही टाकून दिले. तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकू लागले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातला एक गोड तपशील म्हणून सांगितली जाते. आमच्या मते ती त्याहून बरीच मोठी आहे. जन्माने कपाळी न आलेले वाद्य एक माणूस स्वतःच्या इच्छेने हाती घेत होता.

अभिजात संगीताची स्थिती वरकरणी वेगळी, पण दाराला कडी तीच. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील सदाशिवला गायकी हवी आहे, आणि ती त्याला चोरून ऐकून मिळवावी लागते. विद्या कुणाच्या मालकीची, हा प्रश्न त्या नाटकाने उभा केला. आपण पदे पाठ केली आणि प्रश्न विसरलो.

या पार्श्वभूमीवर दुकान ही काय चीज आहे ते पाहावे. मुंबईत फुर्तादोज हे वाद्यांचे दुकान १८६५ साली स्थापन झाले. अशा दुकानात शिरणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. घराणे सांगावे लागत नाही. बाजाराचे गोडवे गाण्याची आम्हांला हौस नाही. परंतु ज्या समाजात वस्तू जन्माने वाटल्या गेल्या, त्या समाजात वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लागणे ही मुक्तीची पहिली पायरी असू शकते. चंगळवादाचा आक्षेप घेणारे ही पायरी न पाहता थेट शेवटच्या मजल्यावरील उधळपट्टीकडे बोट दाखवतात. शिवाय तंबोरा विकत घेणाऱ्याला चंगळवादी म्हटल्याचे आम्ही कधी ऐकलेले नाही. तो रसिक. बेस गिटार घेणारा मात्र उधळ्या. हा फरक वाद्यांतला खचितच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोरपना, जिवती, राजुरा आणि सीमेपलीकडचे आदिलाबाद हा राजगोंडांचा आणि कोलामांचा मुलूख. येथे परधानांची किकरी आहे: तीन तारांची, गजाने वाजणारी. तिच्या साथीने परधान आपल्या गोंड यजमानांच्या कुळांच्या कथा गातात. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) या ग्रंथाला या परधानांच्या कथनाचा मोठा आधार आहे. अशा ठिकाणी राहून आम्ही किकरी का घेतली नाही?

याचे उत्तर असे, की किकरी ही निव्वळ वस्तू नाही. ती परधान आणि यजमान यांच्यातील वंशपरंपरागत नात्याचा भाग आहे. त्या नात्यातील हक्क आणि कर्तव्ये आम्ही उचलू शकत नाही. किकरी विकत आणून भिंतीवर टांगणे तेवढे करू शकतो. ते आम्हांला बेस गिटार घेण्यापेक्षा कितीतरी अधिक बेपर्वाईचे वाटते. आणि परधानांच्या घरातील एखाद्या मुलाला उद्या किकरी सोडून बेस वाजवावासा वाटला, तर त्याला कुळाच्या वारशाची आठवण करून देणारे आपण कोण? वारसा जपण्याची जबाबदारी नेहमी दुसऱ्याच्या मुलांवर टाकायची आणि आपली मुले पुण्याला संगणक शिकायला धाडायची, हा आमच्या सुशिक्षित वर्गाचा जुना शिरस्ता आहे.

याच मंडळींना २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आनंद झाला. आम्हांलाही झाला. पण भौगोलिक मानांकन म्हणजे काय? बाजारात अस्सल मालाची ओळख पटावी आणि कारागिराला त्याचे मोल मिळावे, म्हणून दिलेले कायदेशीर संरक्षण. मिरजेचे कारागीर वाद्ये पूजेसाठी करीत नाहीत, विकण्यासाठी करतात. ती कुणीतरी विकत घेतली तरच ती कला टिकेल.

राहिला तिसरा आक्षेप, विक्रीचा. त्याआधी बाळगण्याविषयी दोन शब्द, कारण बाळगल्याशिवाय विकण्याचा अर्थ कळत नाही. कोरपन्यात बेस गिटार बाळगणे हे ऋतूंशी केलेले भांडण आहे. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दांडीचे लाकूड आक्रसते आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन तळव्याला टोचू लागतात. जुलैत हवा ओली झाली की तेच लाकूड फुगते आणि दांडीचा बाक बदलतो. मग दांडीच्या पोटातील पोलादी सळई षट्‌कोनी चावीने हलक्या हाताने फिरवून तारांची उंची पुन्हा जुळवायची. घरात अर्थिंग धड नसेल तर सुट्या वेटोळ्यांचे पिकअप सारखे घुमत राहतात. फेंडर यांच्या १९६० च्या ‘जॅझ बेस’ची घडण आम्हांला अधिक प्रिय, पण दोन पिकअपपैकी एकाचा आवाज कमी केला की तिची घरघर सुरू होते. ‘प्रिसिजन’चे १९५७ पासूनचे दुभागलेले पिकअप ही घरघर आपसांत छेदून टाकते. तेव्हा जुन्या वायरिंगच्या घरात ‘प्रिसिजन’ बरी, हे शहाणपण आम्हांला कोणत्याही ग्रंथाने शिकवलेले नाही. एक घेऊन, वैतागून, विकून आणि दुसरी घेऊन ते आले. संहितेच्या चार प्रती ताडून पाहणाऱ्या संशोधकाला या ज्ञानाची जात ओळखता यावी.

आमची पहिली बेस आम्ही छायाचित्रे पाहून चौदा हजारांना घेतली. आली तेव्हा दांडीला पीळ होता. बाक सळईने सरळ होतो, पीळ होत नाही. विकणाऱ्याने अर्थातच तो फोटोत येऊ दिला नव्हता. ती विकताना आम्ही जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिले: दांडीला पीळ आहे, बाराव्या पडद्यापुढे तार खडखडते. सहा हजारांना गेली. आपल्या प्रिय वस्तूचे दोष परक्या माणसासाठी नीट, न लपवता आणि न फुगवता लिहिणे हा गद्यलेखनाचा फार कठीण प्रकार आहे. पुस्तक-परीक्षणे लिहिणाऱ्यांनी तो एकदा जरूर करून पाहावा.

‘खरे प्रेम असणारा विकत नाही’ या वाक्याचे फलित काय होते, हे हौशी मंडळींच्याच जगात पाहायला मिळते. आणि येथे आम्हांला आमच्याच जमातीविरुद्ध बोलणे भाग आहे. १९६५ साली फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली. तेव्हापासून ‘सीबीएसपूर्व’ वाद्यांचा एक पंथच निर्माण झाला. सामान्य वादकाच्या आवाक्यापलीकडे गेलेली ती वाद्ये पुष्कळदा पेट्यांत आणि तिजोऱ्यांत पडून असतात. वाद्य कसे वाजते यापेक्षा ते कोणत्या साली आणि कोणत्या कारखान्यात जन्मले यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. ज्या जन्मश्रेष्ठतेतून बाजाराने आपल्याला थोडेसे सोडवले, तिलाच या संग्राहकांनी मागच्या दाराने पुन्हा घरात घेतले आहे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेली आणि २०२४ साली ती सापडल्याचे जाहीर झाले. मधला बराच काळ ती एका घराच्या माळ्यावर पडून होती. चोराच्या मागे पडलेल्या माळ्यात आणि संग्राहकाच्या तिजोरीत कायद्याने फार मोठा फरक आहे. तारांच्या दृष्टीने तो किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता आमच्याच युक्तिवादातील खड्डा. दुकान जात विचारत नाही, पण खिसा विचारते, आणि आपल्याकडे जात आणि खिसा यांची सोयरीक जुनी आहे. येथील कापूस उत्पादकाला किंवा सिमेंट कारखान्यातील कंत्राटी मजुराला नवी, आयात शुल्क भरून आलेली बेस गिटार परवडणे अशक्य. कोलकात्याच्या ‘गिव्हसन’सारख्या, गिब्सनच्या नावाच्या वळणावर नाव ठेवलेल्या देशी गिटारींनी काही पिढ्यांची हौस भागवली, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. तरीही पहिली किंमत ही भिंतच असते. ती खाली आणण्याचा एक उपाय आमच्यासारख्यांच्या हाती आहे, आणि तो म्हणजे विकणे. वापरून, दुरुस्त करून, दोष सांगून, कमी भावात विकणे. वाद्य फुकट वाटावे असे म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारू, की देणगीत आलेले वाद्य घेणाऱ्याला देणाऱ्याचे ऋण किती वर्षे फेडावे लागते? विकत घेतलेल्या वाद्याबरोबर कृतज्ञता घरी न्यावी लागत नाही.

आमची तिसरी बेस गडचांदूरच्या एका तरुणाने घेतली. १६ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची परंपरा सांगणाऱ्या या जिल्ह्यात भीमगीतांचे मंच अनेक आहेत. तशाच एका गाण्याच्या पार्टीत तो आहे. त्यांच्याकडे आजवर खर्जाचे काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करीत असे. किंमत ठरली नऊ हजार, तीन हप्त्यांत. त्याने घासाघीस केली, आम्हीही केली. दोन हप्ते आले, तिसरा यायचा आहे. परवा तो भेटला तेव्हा त्याने हप्त्याचा विषय काढला नाही. दांडीची सळई कोणत्या बाजूला फिरवायची ते विचारून घेतले, आणि निघताना म्हणाला, “सर, पुढं चांगली घ्यायची झाली, तर हिचे किती येतील?”

आम्ही त्याला पडदे किती झिजले आहेत ते पाहायला सांगितले आणि साडेसात हजारांचा अंदाज दिला.