चाळणीतून निसटलेले वाक्य



आमच्या मोहल्ल्यात बायकांची एक भिशी आहे. २० जणी, महिन्याला प्रत्येकीचे ५०० रुपये, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे १०,००० रुपये. हिशेब आमच्या खालांकडे. त्यांचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत, पण त्यांच्या वहीत कधी एका रुपयाची चूक निघाली नाही. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, बारीक अक्षर दिसेना, तेव्हा आमच्या भाच्याने त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो संभाजीनगरला कॉम्प्युटरचे शिक्षण घेतो. जुन्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत २० नावे दिसत. खालांनी नावावर बोट ठेवायचे, शेजारच्या सुनेने बटण दाबायचे. काम छान चालले होते.

अडचण एकच. नावे मराठीत होती, पण प्रोग्राम स्वतः बोलायचा इंग्रजीत. नोंद केली की एक चौकोन उघडायचा, त्यात इंग्रजीत काहीतरी विचारलेले असायचे. खालांनी एक नियम पाठ केला होता: चौकोन आला की एंटर दाबायचे. एका संध्याकाळी सून माहेरी गेली होती, खाला एकट्याच बसल्या. चुकून कुठले तरी दुसरे बटण दाबले गेले. चौकोन आला, रोजच्यासारखाच दिसत होता. खालांनी एंटर दाबले, आणि त्या महिन्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या.

डब्यातले पैसे मोजले तर ९,५०० निघाले. म्हणजे एकीचे यायचे होते. कोणाचे, ते फक्त त्या नोंदींत होते. विचारले तर वीसही जणी म्हणाल्या, ‘मैंने तो दे दिए.’ खालांनी कोणाला दुसऱ्यांदा विचारले नाही. पदरचे ५०० रुपये डब्यात घातले आणि चिठ्ठी काढली. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. ‘पैसों का ग़म नहीं,’ त्या आम्हांला म्हणाल्या, ‘अमानत थी. अब किसी एक पर मेरे दिल में शक रह गया, और मुझे ये भी नहीं मालूम किस पर.’

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांना वाचता यावे म्हणून पगार घेतो. आणि आमच्याच घरातल्या म्हातारीचे नुकसान झाले ते एक वाक्य वाचता न आल्यामुळे. सुट्टीत भाचा आला तेव्हा आम्ही त्याला म्हटले, ‘या प्रोग्रामला आपली भाषा शिकव. उर्दू आणि मराठी आम्ही लिहून देतो.’ तो म्हणाला, ‘मामू, वाक्ये बदलणे सोपे आहे. पण १,४०० ओळींत मी ती कुठे कुठे पेरली आहेत, हे मलाच आठवत नाही.’

तेव्हा त्याने आम्हांला ग्रेप दाखवला. हा लेख त्या ग्रेपबद्दल आहे, आणि त्याने आम्हांला जे शिकवले त्याबद्दल.

ग्रेप म्हणजे शब्दांची चाळणी. काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करायची: काय शोधायचे आणि कोणत्या फायलीत. ज्या ज्या ओळीत ते सापडेल ती ओळ तो समोर ठेवतो. हा प्रोग्राम १९७३ पासून जगात आहे. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये युनिक्स तयार होत होते, तिथल्या केन थॉम्प्सन यांनी तो लिहिला. त्याची कथा आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरांना आवडेल अशी आहे. ली मॅकमहॉन नावाचे त्यांचे सहकारी ‘फेडरलिस्ट पेपर्स’चा अभ्यास करत होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ साली टोपणनावाने छापलेले हे ८५ लेख. त्यांतले काही नेमके कोणाचे, यावर वाद होता. शब्दांची ठेवण पाहून लेखक ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न. पण एवढा मजकूर तेव्हाच्या संपादक प्रोग्रामात मावत नव्हता. म्हणून थॉम्प्सन यांनी त्या संपादकातला शोधण्याचा भाग वेगळा काढला आणि त्याला स्वतंत्र हत्यार केले. संपादकातल्या आज्ञेचा अर्थ होता ‘सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप’. तिच्याच अक्षरांतून ग्रेप हे नाव आले.

या वाक्यातला ‘नमुना’ हा शब्द महत्त्वाचा. ग्रेपला ठरावीक शब्द देता येतो, तसे शब्दाचे नुसते रूपही सांगता येते. आम्हांला तेच हवे होते. वाक्ये कोणती ते माहीत नव्हते, पण त्यांचे रूप माहीत होते: प्रोग्राममध्ये पडद्यावर दाखवायचा मजकूर अवतरणचिन्हांत लिहिलेला असतो. भाचा म्हणाला, ‘मग तेवढेच सांगू. आणि आडवी रेघ देऊन पुढे ओ हे अक्षर लिहिले की अख्खी ओळ न देता फक्त जुळलेला तुकडा मिळतो.’

पहिला नमुना आम्ही असा दिला:

".*"

टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर, आणि तारका म्हणजे ‘असे कितीही’. या तारकेला स्टीफन क्लेनी या गणितज्ञाचे नाव आहे. त्यांनी १९५०च्या दशकात या नमुन्यांचे गणित मांडले. म्हणजे आम्ही म्हटले: अवतरणचिन्ह, मग काहीही, मग अवतरणचिन्ह. पण हाती आले ते असे (इंग्रजी शब्द इथे देवनागरीत देतो):

"नेम", "अमाउंट"

दोन वेगळे शब्द एकत्र आले, मधल्या स्वल्पविरामासकट. कारण तारका हावरी असते. पहिल्या चिन्हापासून निघते ती ओळीतल्या शेवटच्या चिन्हापर्यंत हात मारते. ‘कितीही’ म्हटले ना, मग ती जमेल तेवढे घेते. चूक तारकेची नाही, आमच्या बोलण्याची होती. मग नमुना बदलला:

"[^"]*"

चौकटी कंसात आधी टोपी घातली की अर्थ होतो ‘हे सोडून दुसरे कोणतेही’. आता आम्ही म्हणत होतो: अवतरणचिन्ह, मग अवतरणचिन्ह सोडून कितीही अक्षरे, मग अवतरणचिन्ह. शब्द सुटे सुटे झाले. एकूण ३१२ तुकडे निघाले. त्यांत तेच तेच पुष्कळदा होते, म्हणून यादी आधी ‘सॉर्ट’ला दिली आणि मग ‘युनिक’ला. हा क्रम उलटा चालत नाही. युनिक फक्त एकाखाली एक आलेल्या सारख्या ओळी एक करतो, म्हणून आधी त्या शेजारी आणाव्या लागतात. उरले २०४. त्यांत फायलींची नावे होती, तारखांचे साचे होते, माणसाने कधी वाचायचेच नाहीत असे संकेत होते. ते आम्ही पेन्सिलीने खोडले. तांदळातून खडे वेचावेत तसे आम्ही आणि भाचा ओट्यावर बसून ते वेचत होतो. म्हैसमाळच्या बाजूने पाऊस आला, वीज गेली, तरी कागद हातात होता म्हणून काम थांबले नाही. शेवटी ८६ वाक्ये राहिली.

भाषांतराला बसलो तेव्हा कळले की वाक्य मिळणे आणि वाक्य समजणे यांत अंतर आहे. प्रोग्राममध्ये इंग्रजी वाक्याचे तुकडे केलेले होते: एक तुकडा, मग नाव, मग दुसरा तुकडा. इंग्रजीत नाव मोकळे उभे राहते. आपल्याकडे नावाला ‘ने’ लागतो, ‘ची’ लागतो, आणि क्रियापद शेवटी जाते. तुकड्यांचे भाषांतर होत नाही, अख्ख्या वाक्याचे होते. म्हणून भाच्याने तुकडे जोडून पूर्ण वाक्ये केली आणि नावासाठी मध्ये रिकामी जागा ठेवली. एकवचन-अनेकवचनाचाही प्रश्न आला: १ हप्ता बाकी, ३ हप्ते बाकी. दोन्ही वाक्ये वेगळी लिहावी लागली.

हे आमचेच दुखणे नाही. पुण्यात रेड हॅट कंपनीत भाषांचे काम करणाऱ्यांनी ग्नोमसारख्या मुक्त प्रणालीच्या मराठीकरणात अशीच हजारो वाक्ये हाताखालून घातली. ‘सेव्ह’ला काय म्हणायचे, ‘कॅन्सल’ला काय, हे सगळीकडे एकच असावे म्हणून वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या केल्या गेल्या, त्या खटपटीला ‘फ्युएल’ म्हणतात. आम्हीही तसेच केले. ‘डिलीट’ला मराठीत ‘पुसा’ ठरवले, उर्दूत ‘मिटाएँ’.

यादी पूर्ण झाली. भाच्याने ती खालांना वाचून दाखवली. खाला डोळे मिटून ऐकत होत्या. ८६ वे वाक्य झाल्यावर त्यांनी विचारले, ‘और वो वाला?’

‘कोणता, नानी?’

‘वही, जिसने सब मिटा दिया.’

आम्ही यादी वर-खाली पाहिली. ते वाक्य नव्हते. ज्या एका वाक्यासाठी दोन दिवस बसलो, तेच यादीत नव्हते.

भाच्याने प्रोग्राम उघडला आणि ओळ शोधून काढली. ती अशी होती:

'डिलीट ऑल एंट्रीज फॉर "{}"? धिस कॅनॉट बी अनडन.'

म्हणजे ‘अमुक महिन्याच्या सगळ्या नोंदी पुसायच्या? हे पुन्हा परत येणार नाही.’ महिन्याच्या नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे द्यायची म्हणून त्याने वाक्याभोवती एकेरी दिली होती. पायथन भाषेला दोन्ही चालतात. आमच्या चाळणीने फक्त दुहेरी पाहिली आणि त्या अख्ख्या वाक्यातून एवढेच उचलले: "{}". ते आमच्या यादीत आले होतेही. कचरा म्हणून पेन्सिलीने आम्हीच खोडले होते.

मग एकेरी चिन्हांसाठी दुसरा नमुना चालवला:

'[^']*'

त्यात आणखी ११ वाक्ये मिळाली. इथेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागले, कारण इंग्रजीतल्या ‘कान्ट’, ‘डोन्ट’मध्येही तेच चिन्ह असते, आणि चाळणी तिथे वाक्य तोडते. शिवाय ग्रेप एका वेळी एकच ओळ पाहतो; दोन ओळींवर पसरलेले वाक्य त्याला दिसत नाही. म्हणून जाणकार लोक वाक्ये नंतर शोधत बसत नाहीत. लिहितानाच भाषांतराच्या प्रत्येक वाक्याला खूण करतात, ती अशी: _("…"). मग ‘एक्स-गेट-टेक्स्ट’ नावाचे हत्यार, ज्याला त्या भाषेचे व्याकरण कळते, ती सगळी वाक्ये काढून भाषांतराची कोरी फाईल तयार करून देते. भाच्याने आता सगळ्या ९७ वाक्यांना ती खूण केली आहे.

वाचकहो, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर शिकणारी मुले आहेत, त्यांनी हे जरूर करून पाहावे. उबंटूवर ग्रेप आधीपासून असतो, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाच्या ॲपमध्ये मिळतो. मुलाने एखादा प्रोग्राम लिहिला असेल तर त्यातली वाक्ये काढा आणि घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसासमोर ठेवा.

कारण चाळणीत जे राहते ते आपण मोजतो. खाली काय गळले ते चाळणी कधी सांगत नाही. आमच्याकडे ३१२ होते, २०४ होते, ८६ होते. आकडे पाहून काम पुरे झाले असे वाटत होते. काय गळले ते खालांना कळले, कारण ते वाक्य त्यांना न वाचताही पाठ होते. ज्याला ठेच लागली त्यालाच दगड कुठे आहे ते ठाऊक असते. यादी करणाऱ्याने त्याला विचारायला हवे, आणि ते शेवटी नव्हे, आधी. आम्ही दोन दिवस त्यांच्यापासून दहा पावलांवर बसलो होतो.

आता प्रोग्राम उर्दूतही विचारतो आणि मराठीतही. पुसण्याचा चौकोन वेगळ्या रंगाचा आहे, आणि त्यात नुसते एंटर दाबले तर उत्तर ‘नको’ असे धरले जाते. वाक्य खालांनीच सांगितले: ‘ये हिसाब हमेशा के लिए मिट जाएगा. मिटाएँ?’ मराठीत आम्ही लिहिले, ‘हा हिशेब कायमचा पुसला जाईल. पुसायचा का?’ पहिल्या दिवशी भाच्याने मुद्दाम तो चौकोन उघडून दाखवला. खालांनी चश्मा लावला, एकेक शब्दावर बोट ठेवून वाचला आणि ‘नको’ दाबले.

ते ५०० रुपये कोणाचे राहिले, हे अजून कळलेले नाही. खालांनी आता वहीही पुन्हा सुरू केली आहे. मोठ्या अक्षरांत, एका पानावर पाचच नावे.