नॉटिलसवर बाकीचे कोण होते?

दोस्तहो, ज्यूल व्हर्न वाचायचा की जाळायचा, यावरनं आपल्यात जुंपलीय. गेल्या बैठकीत एक जण म्हणाला, दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाच्या पाणबुड्या आणि फुगे, आपल्याला काय करायचंय त्याचं? काळ्या माणसाला माकडाच्या पंगतीला बसवणारा लेखक तो. दुसरा उसळला. अरे, पण कॅप्टन नेमो आपला! भारतीय! सत्तावनचा बंडवाला! मी गप्प बसलो. दोघांचंही पटत नव्हतं आणि का पटत नाही तेही सांगता येत नव्हतं.

मे महिन्यात पावसला घरी गेलो. पिशवीत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरनं उचललेल्या दोन जाड इंग्रजी कादंबऱ्या. व्हर्न मराठी पोरांपर्यंत पोचवला तो भा. रा. भागवतांनी, आणि मीही शाळेत असताना तोच वाचलेला. पण या वेळी सगळं वाचायचं ठरवलं, दहावीच्या इंग्रजीला डिक्शनरीचा टेकू देऊन. दिवसभर वाडीतली माणसं आंब्याच्या पेट्या भरण्यात. स्वामींच्या मठाकडं गाड्यांची रीघ. रात्री आमच्या बौद्धवाडीतली पोरं अंगणात जमायची आणि मी वाचलेलं मोडूनतोडून सांगायचो. आमचा आजा कोपऱ्यात बिडी ओढत ऐकायचा. त्याची हाडं मुंबईच्या कोळसाबंदरावर पाट्या वाहून झिजली. मीही गोदीतच आहे, कंत्राटी. त्यानं आयुष्यात कादंबरी वाचलेली नाही.

‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ हे पुस्तक १८७० चं. जगावर रुसलेला कॅप्टन नेमो, त्याची नॉटिलस पाणबुडी, आणि सगळं काही विजेवर चालणारं. दिवे विजेचे, इंजिन विजेचं, स्वयंपाकसुद्धा विजेचा. पोरं आ वासून बसलेली. तेवढ्यात आजा बोलला, “आरं पन ती वीज येतंय कुठनं? आभालातनं पडली काय?”

मी पानं उलटली. उत्तर पुस्तकात आहे आणि तेच मी भराभर वाचून पुढं गेलो होतो. वीज होते सोडियमवर. सोडियम निघतं समुद्राच्या पाण्यातनं, पण ते काढायला जाळ लागतो, आणि जाळाला कोळसा. हा कोळसा विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात, समुद्राच्या तळाशी आहे. पाणबुड्याचा पोशाख चढवून, हातात कुदळ घेऊन नॉटिलसचे खलाशी तो खणतात. प्रोफेसर ॲरोनॅक्स विचारतो, मग आता तुमची माणसं काम करताना बघायला मिळतील ना? नेमो म्हणतो, नाही, या वेळी नाही. घाई आहे, साठ्यातलं सोडियम वापरू. झालं. बोट पुढं गेली. शेकडो पानांच्या पुस्तकात मासे आहेत, शिंपले आहेत, प्रत्येकाचं लॅटिन नाव आहे. कोळसा खणणारा माणूस एकदाही दिसत नाही.

आजा म्हणाला, “म्हंजे आमीच व्हतू तितं.”

मग मी पुस्तक परत पहिल्यापासनं काढलं. आता ते वेगळंच दिसायला लागलं. नॉटिलस बांधली कशी ते नेमो ऐटीत सांगतो. कणा फ्रान्समधल्या क्रूझोला, पत्रे लिव्हरपूलला, इंजिन प्रशियात क्रपच्या कारखान्यात. प्रत्येक भाग वेगळीकडनं मागवला. म्हणजे पेट्या आल्या, राव! त्या कुणीतरी जहाजात चढवल्या, कुणीतरी उतरवल्या. मी तो उतारा पाळी संपवून वाचला असता तर पाठच दुखली असती. बोट जोडणारे खलाशीच होते. पण साऱ्या पुस्तकात त्यांच्यातल्या एकालाही नाव नाही. बोटीवर ते भलतीच एक भाषा बोलतात, प्रोफेसरला ओ की ठो कळत नाही. एक मरतो तेव्हा त्याला समुद्राच्या तळाशी पोवळ्यांच्या रानात पुरतात. नेमो रडतो. नेमोचे अश्रू वाचून आम्ही रडायचं. मेला कोण, ते विचारायचं नाही.

आणि एक जागा अशी की मी वाचता वाचता थांबलो. राक्षसी माखल्या बोटीवर चालून येतात. एका खलाशाला एक माखली सोंडेत धरून हवेत उचलते. मरणाच्या भीतीनं तो ती बोटीवरची भाषा विसरतो आणि स्वतःच्या मायबोलीत, फ्रेंचमध्ये, मदतीला हाक मारतो. प्रोफेसर हादरतो, अरे, हा तर माझ्याच देशाचा! इतके महिने एका बोटीत राहून हे त्याला त्या क्षणी कळलं. दोस्तहो, आपल्यातले किती जण ऑफिसात, कॉलेजात अशीच बोटीवरची भाषा बोलत जगतायत? हे व्हर्नच्या मनात नसेलही. मला त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता नेमो आपला की नाही ते बघू. १८७५ च्या ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये कळतं की नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा, सत्तावनच्या लढाईत उतरलेला. खरं तर व्हर्नला आधी तो पोलंडचा करायचा होता, रशियाच्या झारावर चिडलेला. प्रकाशक एत्झेलनं हरकत घेतली, रशियातला खप जाईल म्हणून. म्हणजे आपला हा अभिमान एका प्रकाशकाच्या हिशेबातनं निघालेला आहे. सिनेमानं त्याला बहुतेकदा गोराच ठेवला होता. २००३ साली नसीरुद्दीन शाहनं नेमो केला तेव्हा कुठं रंग परत मिळाला.

तरी राजपुत्रच. लॅटिनमध्ये नेमो म्हणजे ‘कुणीही नाही’. राजवाडा गेल्यावर, ग्रंथालय आणि ऑर्गन सोबत घेऊन, हौसेनं ‘कुणीही नाही’ होता येतं. आमच्यावर ते नाव लादलेलं होतं, गावकुसाबाहेर. सिलोनला एका मोती काढणाऱ्याला तो शार्कच्या जबड्यातनं सोडवतो, मोत्यांची थैली देतो आणि म्हणतो की दडपलेल्या देशाचा हा माणूस, मीही त्यातलाच. छान आहे. मलाही आवडतं. पण तो पाणबुड्या एक शब्द बोलत नाही. घाबरून बघतो फक्त.

बुंदेलखंड म्हणजे झाशीचा मुलूख. सत्तावनच्या त्याच आगीत झाशीला झलकारीबाई होती, कोरी समाजातली. तिच्या नावाचं टपाल तिकीट निघायला २००१ साल उजाडलं. फुल्यांना तर त्या बंडामागं परत येऊ पाहणारी पेशवाईच दिसली होती. डक्कार जिंकला असता तर त्याच्या दरबारात आपल्याला आत घेतलं असतं की पायरीपाशी थांबवलं असतं? ‘नेमो आपला’ म्हणणाऱ्या मित्रानं याचं उत्तर द्यावं.

आणि जाळा म्हणणाऱ्या मित्रा, तू खोटं बोलला नाहीस. त्याच बेटावर नेब आहे. गुलामाच्या पोटी जन्मलेला काळा माणूस. त्याचा मालक इंजिनिअर सायरस स्मिथ त्याला मुक्त करतो, तर हा मालकाला सोडायला तयार नाही! बेटावर स्वयंपाक त्याच्याकडंच. आणि पकडून माणसाळवलेला जप नावाचा ओरँगउटान कुणाचा जिवलग दोस्त, तर नेबचा. दोघं मिळून टेबलावर वाढतात. हे वाचताना पोरं हसली. मग पाचवीतली पुतणी हसता हसता थांबली आणि म्हणाली, “काका, माकडाची दोस्ती त्याच्याशीच का?” अंगणात कुणीच बोललं नाही.

याच काळात, १८७३ ला, पुण्यात जोतीराव ‘गुलामगिरी’ छापत होते. अमेरिकेतल्या निग्रोंना गुलामीतनं सोडवायला झटलेल्या माणसांना त्यांनी ती अर्पण केली. फुल्यांना पॅरिस दिसलं नव्हतं, बेट दिसलं नव्हतं. पण सुटलेला गुलाम मालकाच्या चुलीपाशी राहील, असं त्यांना कधी सुचलं नसतं. पुढचं जग व्हर्नला जास्त दिसलं की फुल्यांना? वीज व्हर्नला दिसली, हे मान्य.

महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, ती न वाचता नव्हे. आणि ती कायदा म्हणून आमच्या पाठीवर होती, कादंबरी म्हणून नव्हती. व्हर्ननं माझ्या आज्याचं पाणी तोडलं नाही. त्यानं आज्याला कोळशासकट गाळलं. याची शिक्षा आग नाही. याची शिक्षा म्हणजे पोरांनी पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि मधेच आडवं विचारायचं.

पुढच्या बैठकीला दोन्ही पुस्तकं घेऊन येतो. नेबचं प्रकरण आणि कोळशाची पानं दुमडून ठेवलीत. ज्याला जाळायचंय त्यानं आधी तेवढी वाचून दाखवावीत. काडीपेटी आज्याची आहे, मागून आणीन.